पंच्यानं मोजलेला मासा

॥ श्री ॥

मु. आडवेल, जि. सिंधुदुर्ग
१४ ऑगस्ट २०२५

ती. मामांना आणि सौ. मामींना हिमानीचा शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र लगेच टाकीन म्हणाले होते, त्याला उशीर झाला. मामा, रागावू नका. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, मग मी इतकी ओरडते की मी बरी आहे हे तुमच्याआधी सबंध आडवेलला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. ऑफिसात कुठली खाडी हवी असं विचारलं तेव्हा मी हीच मागितली. का, ते तुम्हाला सांगायला नको.

मामी, तुम्ही विचारलं होतंत की मी इथं नेमकं करते काय. मी मासे धरत नाही. खाडीचं पाणी बाटलीत भरते आणि अगदी बारीक गाळणीतून गाळते. मासा पाण्यातून गेला की त्याचा खवला, अंगावरचा बुळबुळीतपणा, शी, असं काहीतरी मागं राहतं. ते गाळणीवर अडकतं. प्रयोगशाळेत त्यातला डीएनए वाचला की या पाण्यातून कोण कोण गेलं ते कळतं. याला ई-डीएनए म्हणतात. मोरीच्या जाळीत अडकलेले केस बघून तुम्ही मला हाक मारून रागवायच्या ना, तशातलाच प्रकार. ही खूण पाण्यात फार तर एक-दोन आठवडे टिकते. त्यामुळे एखाद्या माशाचं नाव निघालं की तो नुकताच तिथं होता असं धरतात. प्रत्येक वेळी शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही सोबत उघडते. तिच्यात काही निघालं तर समजायचं की आपलेच हात मळके.

राहायला रत्नमालाताईंकडे एक खोली मिळाली आहे. घर मासेमारी करणाऱ्यांचं, माणसं फार चांगली. शनिवारी नारळी पौर्णिमा झाली. तिच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरच्या बायका देवळातून देवीचं हत्यार काढून खाडीच्या वळणावर न्हाऊ घालायला घेऊन गेल्या. तो मान त्यांच्याच घराचा आहे. लाल कापडात गुंडाळलेलं, चांगलं कमरेएवढं लांब. मी चप्पल घालून निघाले तर रत्नमालाताईंनी थांबवलं. पावण्यांनी मागसून येवचा नाय, म्हणाल्या. मी ओट्यावरूनच हात जोडले. मला तुळजापूरची तलवार आठवली. आणि मामी, दसऱ्याला विळीला नि अडकित्त्यालाही कुंकू लावणाऱ्या तुम्ही आठवलात.

काल त्याच वळणावर पहिले नमुने घेतले. तिथं पाणी संथ असतं, जवळपास थांबलेलंच. निकाल यायला महिना-दीड महिना लागेल. मामांचं डायलिसिस कसं चाललं आहे ते खरं खरं कळवा, मामांनी कळवू नये, मामींनी कळवावं.

माझ्यावर आहे ती माया तशीच ठेवावी, एवढं मागते.

तुमची
हिमानी


॥ श्री ॥

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
२६ ऑगस्ट २०२५

चि. हिमानी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. माशाची शी हा शब्द आल्यावर मामीनं बशी खाली ठेवली आणि पुढचं पत्र मनातल्या मनात वाचायला सांगितलं. उद्या गणपती बसतील, आणि नशीब असं की आजच नळाला पाणी आलं, आठव्या दिवशी. मामी सकाळपासून टाकी, हंडे, पातेली भरते आहे. घरात एवढं पाणी आणि मला दिवसाला मोजके पेले. तू तिकडे पाणी गाळतेस, इकडे ही मंडळी आठवड्यातून तीनदा मला गाळतात. तुझ्या गाळणीवर मासे तरी सापडतात. माझ्यातून काय निघतं ते कुणी सांगत नाही.

दवाखान्यात लाइबा नावाची सिस्टर आहे, बिडकीनची. पोरगी मोठी चुणचुणीत. परवा मला म्हणाली की आजोबा, तुम्ही पाण्यापायी लई कटकट करता, सुई टोचताना मात्र नाय करत. मी म्हटलं, सुई विकत मिळते, पाणी मिळत नाही. ती हसली, पण पेला काही भरला नाही.

तू आडवेल मागितलीस हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस, आता एकशे एकावी ऐक. चौऱ्याऐंशी साली कॉलेजची सहल घेऊन गेलो होतो. सकाळी खाडीवर आंघोळीला उतरलो, खांद्यावर पंचा, बाकी काही नाही. तेवढ्यात जाळं ओढायला हाका सुरू झाल्या म्हणून मीही दोराला हात घातला. जाळ्यात करवत मासा. पुस्तकात चित्र काढून शिकवलेला, जन्मात न पाहिलेला. नाकाच्या जागी लांबच लांब करवत, दोन्ही बाजूंना दात. डावीकडचे टोकाजवळचे दोन पडलेले. माझ्याजवळ टेप नाही, कॅमेरा नाही. मी पंच्यानं मोजला. तीन पंचे भरला, चौथ्यात शेपूट. मी वेड्यासारखा पोरांना हाका मारत सुटलो होतो. मग लोकांनी मासा कापून वाटून घेतला, करवत कुणी नेली कळलं नाही, आणि आमची बस निघाली. परत येऊन मी टिपण लिहून एका नियतकालिकाला पाठवलं. ते साभार परत आलं. पंचा हे मोजमापाचं साधन नाही, असा वर शेरा. स्टाफरूममध्ये रिटायर होईपर्यंत मला मराठवाड्याचे दर्यावर्दी म्हणायचे. पुढं माझेही डावीकडचेच दोन दात पडले, तेव्हा तुझी मामी म्हणाली की मासा तर कुणी पाहिला नाही, पण त्याचा भाऊ आमच्या घरात आहे.

आता एक गोष्ट फक्त तुला. मामीला बोललेलो नाही. हे गाळणं-बिळणं दिवाळीनंतर बंद करावं असं माझ्या मनात आहे. दुखतं म्हणून नाही. आला दिवस फक्त खुर्चीत पडून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा थकवा काढायचा, यात मला आता काही वाट बघण्यासारखं उरलेलं नाही. तू रडू नकोस. तेवढी त्या पाण्यात त्याची खूण शोध. सापडली तर मला कळव, म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो असं एकदा कुणीतरी म्हणेल.

जेवणाची आबाळ करू नकोस. पत्राची वाट पाहतो.

तुझा
वैजनाथमामा


॥ श्री ॥

आडवेल
६ ऑक्टोबर २०२५

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

बसला नसाल तर आधी बसा. चष्मा लावा. मामींना शेजारी बोलवा.

सापडला. मामा, तुमचा मासा सापडला. वळणावरच्या पाण्यात करवत माशाचा डीएनए निघाला आहे. एका बाटलीत नाही, तिथल्या दोन्ही बाटल्यांत. कोरी बाटली स्वच्छ आहे, म्हणजे माझे हात मळके नव्हते. नावांची यादी वाचताना बोय, शेंगाळा, तांबोशी असं खाली खाली जात होते आणि मध्येच ते नाव आलं. मी खुर्ची मागं ढकलून उभी राहिले. आमचे साहेब गंभीर माणूस, पण त्यांनीही चष्मा काढून पुसला. त्यांनी लगेच सांगितलं की घाईनं बोलू नका, दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या, आणि पुन्हा जाऊन पाणी घ्या. ते मी करणारच. पण तुम्हाला न सांगता मला झोप लागली नसती.

या किनाऱ्यावर इतक्या वर्षांत तो कुणाला दिसलेला नाही. आणि तो तुमच्याच खाडीत, तुम्ही दोराला हात घातलात तिथं आसपास फिरतो आहे. असेल तर एखादं पिल्लूही असेल. मी आता होडीतून जाताना उगीच वाकून बघते. पाणी गढूळ आहे, काही दिसत नाही, तरी बघते.

तुम्ही जे फक्त मला लिहिलं होतंत, त्याबद्दल आता बोलते, एवढं मनातल्या मनात वाचा. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही. पण मामा, आता वाट बघण्यासारखं आहे. डिसेंबरात थंडी पडली की तुम्हाला आणि मामींना इथं आणायचं ठरवलंय. इथून तासाभरावर डायलिसिसची सोय आहे, मी जाऊन विचारून आले. खाडीच्या काठी खुर्ची टाकून देईन. पंचा घेऊन या. तोवर एकही पाळी चुकवायची नाही. मला शब्द द्या.

तुमचे आशीर्वाद आहेत म्हणून हे झालं, ते असेच पाठीशी राहू द्यावेत.

तुमची
हिमानी


॥ श्री ॥

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
१६ ऑक्टोबर २०२५

चि. हिमानीस अ. उ. आ.

पत्र लिहायची सवय माझी नाही, घरात एक लिहिणारा पुरे होता. पण आज मला लिहायचं आहे. ते दवाखान्यात गेले आहेत, येईतोवर लिहून टाकते. उद्या वसुबारस, चकलीची भाजणी दळून आणायची आहे, तरी बसले.

पोरी, तुझ्या त्या पत्रानं घरात काय केलंय ते तू येऊन बघायला पाहिजे. शनिवारपासून माणूस नवरदेवासारखा तयार होतो. रिक्षा यायच्या आधी अर्धा तास पायात चप्पल. दवाखान्यात सगळ्यांना इम्रती वाटली, स्वतःला खायची नाही तरी. लाइबा मला म्हणाली की आजी, आजोबा आता मशिनकडं बघतबी नाहीत, बाजूच्या पेशंटला मासा सांगत बसतात, आख्ख्या वॉर्डाला करवत मासा पाठ झालाय. खुलताबादला त्यांचे जुने सहकारी जब्बारभाई आहेत, स्टाफरूममध्ये तेवढे एकटेच यांना हसायचे नाहीत. त्यांना पत्र गेलं. ते काल एसटीनं आले, सोबत सीताफळं घेऊन. दोघं म्हातारे अंगणात पंचा पसरून मासा केवढा होता ते मोजत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि मला हसू येत होतं नि रडूही येत होतं.

त्यांना वाटतं मला काही कळत नाही. दिवाळीनंतर ते उपचार सोडणार होते, हे मला ठाऊक होतं. कपाटातले कपडे लावून ठेवले, बँकेत माझं नाव घातलं, आणि माझ्याशी फार गोड बोलायला लागले. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं पुरतं. मी देवाला रोज एकच म्हणत होते की यांच्या मनात काहीतरी घाल. देवानं मासा घातला. घालू दे. परवा त्यांनी डॉक्टरांना विचारलं की डिसेंबरात कोकणात जाता येईल का. डॉक्टर हो म्हणाले. मी ट्रंकेतून जाड चादर काढून उन्हात टाकली आहे.

तुझ्या फराळाचा डबा पोस्टानं येईल. अनारसे मोडतील, पण चव तीच. आमच्यावर जीव आहे तो असू दे.

तुझी
भानुमतीमामी


॥ श्री ॥

आडवेल
७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मामींना हिमानीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या एकट्यांच्या नावानं पाठवते आहे. आधी तुम्ही वाचा. मामा विचारतील, तर काहीतरी सांगून वेळ मारून न्या.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी पुन्हा नमुने घेतले आणि निकाल तातडीनं मागवला. वळणावर घेतले, वर घेतले, खाली मुखाशी घेतले. कशातही करवत माशाची खूण निघाली नाही. साहेब म्हणाले की मासा फिरता असतो, पुढे गेला असेल. मीही स्वतःची तशीच समजूत घातली.

परवा त्रिपुरी पौर्णिमा होती. त्या दिवशी देवळात देवीच्या हत्याराचं कापड बदलतात आणि ते सगळ्यांना बघू देतात. रत्नमालाताई मला आपणहून घेऊन गेल्या, ऑगस्टमध्ये थांबवलं होतं त्याची भरपाई म्हणून. दिव्यांच्या उजेडात त्यांनी लाल कापड सोडलं. मामी, ती तलवार नव्हती. ती करवत माशाची करवत होती. तेलानं, हळदीनं काळी-पिवळी झालेली. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या देवीचं हत्यार हेच. मला हत्यार म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नव्हतं. मी तुळजापूरकडची, मला तलवारच दिसणार. त्यांनाही मला सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या बायकांनी ही करवत त्याच वळणावर चोळून चोळून न्हाऊ घातली, आणि पाच दिवसांनी मी तिथलंच पाणी भरलं. माझ्या बाटलीत जो मासा आला तो पोहत नव्हता. तो देवळात टांगलेला होता. खाडीत करवत मासा नाही.

अजून एक आहे. मी करवत हातात घेतली. डावीकडचे टोकाजवळचे दोन दात पडलेले आहेत. मी रत्नमालाताईंना विचारलं की ही आली कुठून. त्यांनी सांगितलं की जुन्या करवतीला कीड लागली होती, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी ही वाहिली. ज्या वर्षी औरंगाबादची पोरांची बस आली होती, त्या वर्षीचा तो मासा. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, पण त्यांना लख्ख आठवतं. एक काटकुळा मास्तर पंच्यानं मासा मोजत होता आणि एकटाच नाचत होता, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसानंतर गावात असा मासा कुणाच्याही जाळ्यात आलेला नाही.

मामी, तो मामांचाच मासा आहे. मामा खरं बोलत होते, याला आता साक्षी आहे, पुरावा आहे. आणि तो शेवटचा होता. हे त्यांना कसं सांगू? तुम्ही लिहिलं आहे की माशानं त्यांना धरून ठेवलंय. मी हे सांगितलं तर त्यांच्या हातून सुटेल ते मी परत आणू शकणार नाही. नाही सांगितलं तर डिसेंबरात ते इथं खुर्ची टाकून बसतील आणि मी त्यांच्या शेजारी बसून खोटं पाणी बघत राहीन. मला दोन्ही जमणार नाही. सोमवारी मी बोटीवर जाते आहे, खोल समुद्रातले नमुने घ्यायला. महिनाभर फोन लागणार नाही. हे पत्र त्यांना द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एवढं ओझं तुमच्यावर टाकून पळते आहे, मला माफ करा.

माझ्यावर रागावलात तरी माझं नाव टाकू नका.

तुमची
हिमानी


समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
१० डिसेंबर २०२५

चि. हिमानीस आशीर्वाद.

वर श्री लिहिलेलं नाही, त्यावरून तू समजलीच असशील. तुझे मामा गेले. पंचवीस नोव्हेंबरला, दवाखान्यात, त्या खुर्चीतच. तुला फोन लावून लावून थकले. तुझ्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं की बोट मध्येच परत येत नाही. तेरावा झाला, आता घर रिकामं झालं, म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमननं त्यांनाच सांगितलं की मॅडमच्या नावानं आहे. झालं, दिवसभर मला चिडवत होते की आता मामी-भाचीचं गुपित चालू. मी वाचलं आणि तुरीच्या डब्यात ठेवलं. दोन दिवस डाळ काढायला गेले की हाताला लागायचं. जाळून टाकावं असंही आलं मनात. तुला खोटं कशाला सांगू.

मग मी विचार केला. हा माणूस जन्मभर पोरांच्या पेपरात चुकीचं उत्तर तसंच सोडून कधी पुढं गेला नाही. त्याच्या स्वतःच्या पेपरात मी चूक ठेवू? उद्या काठावर बसून त्यांच्या लक्षात आलं असतं, आलंच असतं, की आपल्याला बायकोनं आणि भाचीनं लहान मुलासारखं फसवलंय, तर ते मासा गेल्यापेक्षा वाईट झालं असतं. रविवारी आंघोळीनंतर अंगणात उन्हाला बसले होते, तिथं नेऊन पत्र हातात दिलं. मी उभीच राहिले.

दातांपर्यंत आले तेव्हा जीभ गालात घालून आपली फट चाचपली आणि मोठ्यानं हसले. मला म्हणाले की भानू, आरसा आण, भावाला बघू दे. मग पुढचं वाचलं. कागद मांडीवर ठेवला आणि खांद्यावरचा पंचा काढून तोंडावर घेतला. किती वेळ घेऊन बसले. मी पाठीवर हात ठेवला तर आतून हुंदका लागत होता. मग म्हणाले की त्या दिवशी मी केवढा खूश होतो गं. पोरांना हाका मारत होतो, या, बघा. शेवटचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला वाटलं आता हे दवाखान्यात येणार नाहीत. पण मंगळवारी रिक्षाच्या आधी तयार. म्हणाले की हिमानीला स्वतःच्या हातानं आपली चांगली बातमी खोडावी लागणार आहे, ते सोपं नसतं, तिला पत्र लिहायचंय, त्याला ताकद पाहिजे. तसं आणखी आठवडाभर गेलं. रोज थोडं लिहायचे. शेवटच्या दिवशीही लाइबाकडून पाठीला उशी लावून घेतली आणि कागद मागितला. तिनंच ते बघितलं. संध्याकाळी ती पोरगी स्वतः रिक्षा करून घरी आली, त्यांचा चष्मा, पंचा आणि हा कागद घेऊन. माझ्या गळ्यात पडून म्हणाली की आजी, आजोबांना तरास नाय झाला, लिहिता लिहिता मान टाकली. कागद सोबत पाठवते. तो तुझा आहे.

अस्थी पैठणला नेल्या. जब्बारभाई गुडघे धरून पायऱ्या उतरले. मी पत्र दिलं नसतं तर ते आणखी जगले असते का, असं मनात येतं. डॉक्टर नाही म्हणतात. तरी येतं. रात्री येतं, स्वयंपाक करताना येतं. एका माणसाचा भात लावता येत नाही मला अजून.

त्यांचा पंचा खुंटीवर आहे. सगळे कपडे द्यायचे ते दिले, हा राहिला. समाचाराला येणाऱ्या बायका म्हणतात की धुऊन कुणाला तरी देऊन टाक, घरात ठेवू नये. आजवर धुतलेला नाही. काय करावं सुचत नाही.

बोटीवरून उतरलीस की आधी जेव, मग रड. तुझ्याशिवाय आता मला लिहायला कुणी नाही.

मामी

(सोबतचा कागद)

चि. हिमानी,

अहवालात स्वच्छ लिही. आडवेलच्या खाडीत करवत मासा आढळला नाही. हे वाक्य माझ्यासाठी मऊ करू नकोस. खाली बायकांच्या त्या न्हाऊ घालण्याचंही लिही, म्हणजे पुढच्या माणसाची गफलत होणार नाही. त्या बायकांना मात्र दोष देऊ नकोस. मासा कुणी जपला असेल तर त्यांनीच.

चाळीस वर्षं मला एकच हवं होतं, की मी खरं बोलतो हे कुणीतरी मानावं. आता मानतील. पण खरं सांगू, मी खोटा ठरलो असतो आणि तो तिथं पोहत असता, तर मी पुन्हा एकदा सगळ्या दवाखान्यात इम्रती वाटली असती. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू मला हा दीड महिना दिलास, तो मी कुणाच्याही


आडवेल
२० जानेवारी २०२६

ती. मामींना हिमानीचा शि. सा. न. वि. वि.

मथळा लिहिताना सवयीनं आधी मामांचं नाव आलं. खोडलं नाही, नवा कागद घेतला. वर श्री मीही लिहिलेलं नाही. तुमच्याकडून परत येऊन पंधरा दिवस झाले. तिथं असताना आपण दोघी पाणी भरत राहिलो, भांडी घासत राहिलो, आणि जे बोलायचं ते राहून गेलं. म्हणून लिहिते.

त्या दिवशी बोटीवरून आले तर रत्नमालाताईंनी तुमचं पत्र हातात दिलं. उघडलं, वर श्री नव्हतं. पुढचं वाचायच्या आधीच मी ओट्यावर खाली बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या.

अहवाल पाठवला. मामांनी सांगितलं तसंच वाक्य लिहिलं, मऊ केलं नाही. त्यांचं चौऱ्याऐंशीचं टिपण त्यांच्या नावानं सोबत जोडलं आहे, पंच्यासकट. साहेबांनी पंचा हा शब्द तसाच राहू दिला. तुम्ही पत्र दिलंत ते बरोबर केलंत, मामी. मला ते जमलं नव्हतं. त्यांचा तो कागद मी रोज वाचते. शेवटचं वाक्य कुठं जाणार होतं ते मी मनात पुरं करत नाही, त्यांनी सोडलं तिथं थांबते.

एक काम मात्र मला करावं लागलं. ही खाडी आता दरवर्षी तपासायची आहे. करवत वळणावर न्हाऊ घातली तर दरवर्षी तीच खोटी खूण येणार. मी रत्नमालाताईंना आणि त्यांच्या घरच्या बायकांना सगळं समजावलं. सासूबाईंनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या की मास्तराच्या भाचीनं मागितलं तर देवी रागावणार नाही. यापुढे नारळी पौर्णिमेला हत्यार खाडीत न नेता देवळाच्या आवारात पातेल्यात न्हाऊ घालतील आणि पाणी माडाच्या मुळाशी ओततील. काम म्हणून हे योग्यच झालं. पण मामी, माझ्या खोलीत येऊन मी खूप रडले. वर्षातून एकदा का होईना, तो मासा त्या पाण्यात असायचा. आता कधीच असणार नाही. त्याची शेवटची खूण मी माझ्या तोंडानं मागून बंद केली.

तुम्ही पंच्याचं विचारलं होतंत. बायका काही म्हणोत. तो खुंटीवर आहे तसाच राहू द्या. धुऊ नका.

तुमची
हिमानी